गाडीची गोष्ट : बिल क्लचच्या नावावर



मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवड्यांच्या रांगेत उभे असताना आम्हाला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. "आमच्या चिरंजीवांच्या गाडीचा क्लच गेला हो. गाडी घेऊन वर्ष झाले नाही. हल्ली गाड्या अशाच बनवतात का?" विचारणाऱ्या वडिलांचा आवाज जरा दबका असतो आणि चिरंजीव शेजारीच उभे राहून भलतीकडे बघत असतात. वडिलांना उत्तर देण्याआधी आम्ही चिरंजीवांना विचारतो, "मॅप करून घेतलीस का रे?" त्यावर बहुतेक वेळा हातातली चटणी फार लक्षपूर्वक न्याहाळली जाते. म्हणून या अंकातली गोष्ट क्लचची.

मॅप म्हणजे नकाशा एवढेच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पूर्वी गाडीची ताकद वाढवायची तर इंजिन उघडावे लागे. हात काळे होत, आठवडेच्या आठवडे जात, ड्राइव्हवेवर तेलाचे डाग पडत आणि घरादाराला कळे. १९९३ साली निघालेले आणि २०११ साली बंद पडलेले 'मॅक्स पॉवर' हे मासिक ज्यांना आपल्या मुलाच्या गादीखाली सापडले होते, त्यांना तो काळ आठवत असेल. त्या वेळच्या बऱ्याचशा गाड्यांत आवाज मोठा आणि ताकद बेताची असे; रुंद एक्झॉस्ट आणि मागचा पंख यांनी क्लचवर काही भार पडत नाही. आता उलट झाले आहे. आजच्या टर्बो असलेल्या इंजिनाला किती हवा आणि किती इंधन द्यायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. कोणीतरी लॅपटॉप घेऊन येतो, त्या संगणकातला प्रोग्रॅम बदलतो, आणि तासाभरात गाडीची ओढ पाव हिश्शाने वाढते. खर्च काहीशे पौंड. बाहेरून गाडी होती तशीच दिसते. आईला कळत नाही, वडिलांना कळत नाही, आणि इन्शुरन्स कंपनीलाही कोणी कळवत नाही.

कळते ते फक्त क्लचला.

क्लचचे काम समजायला आपल्या आजीचे जाते आठवावे. खाली एक तळी, वर एक तळी, दोन्ही एकमेकींवर घासतात म्हणून मध्ये पीठ पडते. क्लचमध्ये मधली प्लेट दोन लोखंडी पृष्ठभागांत दाबून धरलेली असते. एका बाजूला इंजिनाबरोबर फिरणारे जड फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगच्या जोराने रेटणारी प्रेशर प्लेट. दाब पुरेसा असला की तिन्ही एकजीव होऊन फिरतात आणि इंजिनाचा पीळ गिअरबॉक्सकडे जातो. पाय दाबला की दाब सुटतो आणि इंजिन मोकळे होते. म्हणजे जात्याच्या नेमके उलटे: इथे घासू नये हीच अपेक्षा. घासायचे ते फक्त गाडी हलताना आणि गिअर बदलताना, क्षणभर. त्याहून जास्त घासले तर इथेही पीठ पडते, पण ते क्लचचे स्वतःचे.

हा क्लच किती पीळ सहन करील, याचे गणित शाळेतले आहे. घर्षणाचा गुणांक, दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या, यांचा गुणाकार. उदाहरणादाखल, गुणांक ०.३, दाब ७००० न्यूटन (म्हणजे सुमारे सातशे किलो वजन ठेवल्यासारखा), त्रिज्या साडेनऊ सेंटिमीटर आणि दोन बाजू. उत्तर येते जवळजवळ ४०० न्यूटन-मीटर. आता एक ओळखीची गाडी घ्या. फोक्सवॅगन गोल्फचे १.९ लिटरचे टीडीआय डिझेल इंजिन, १३० हॉर्सपॉवरचे. आपल्यापैकी कित्येकांनी ते भारताच्या वाऱ्या कराव्यात इतके मैल चालवले आहे. कंपनीने दिलेला त्याचा टॉर्क ३१० न्यूटन-मीटर. कंपन्या साधारणपणे इंजिनाच्या सव्वापट ते दीडपट क्लच बसवतात. ही जी वरची शिल्लक असते ती चैनीसाठी नसते. प्लेट झिजणार, तापणार, चालवणारा कधी चुकणार, ट्रेलर ओढणार, हे सगळे धरून ती ठेवलेली असते. आता त्या ३१० चे ३९० केले की शिल्लक संपली. नव्या, थंड क्लचवर गाडी झकास पळते. महिनाभर चिरंजीव खुशीत असतात. मग प्लेट तापते. तिच्यातला चिकट रेझिन दोन-अडीचशे अंशांच्या पुढे नरम पडू लागतो, घर्षणाचा गुणांक घसरतो, आणि ४०० चे ३६० होतात. क्लच घसरतो. घसरला की आणखी तापतो, तापला की आणखी घसरतो. ही घसरगुंडी एकदा सुरू झाली की तिथून परत वर येणे फार क्वचित घडते.

घरातल्या फ्यूजसारखेच हे. तीन वायरींवर पाच उपकरणे लावली की फ्यूज जातो, आणि आपण फ्यूजला शिव्या देतो.

गंमत अशी की पुष्कळांना वाटते क्लच जळतो तो सिग्नलला टायर किंचाळवून गाडी सोडल्यामुळे. तसाही जळतो, पण मॅप केलेल्या गाडीचा क्लच पहिल्यांदा घसरतो तो बहुधा एम-४ वर. जंक्शन ११ ला चढून स्लाऊच्या दिशेने निघालात, पाचवा किंवा सहावा गिअर, पुढे लॉरी, ओव्हरटेक करायला पाय दाबला. टर्बो इंजिनाचा सगळ्यात मोठा पीळ दोन हजार फेऱ्यांच्या आसपास येतो, आणि मॅपवाल्यांनी नेमका तोच फुगवलेला असतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन या टप्प्यातून क्षणात निघून जाते. वरच्या गिअरमध्ये ते तिथेच कित्येक सेकंद रेटत राहते. काटा अडीच हजारांवरून साडेतीन हजारांवर उडी घेतो, इंजिन ओरडते, आणि गाडीचा वेग मात्र तसाच. मागे कोणीतरी दिवे मारत असतो. मधल्या लेनमध्ये, मागच्या सीटवर आई आणि धाकटी बहीण असताना, हे पहिल्यांदा व्हावे असे आम्हाला कोणाच्याच घरी वाटत नाही.

आता सिग्नलवरच्या शर्यतीकडे येऊ. इथली उष्णता मोजता येते, आणि आम्हाला ती मोजायला आवडते. इंजिनाचे फेरे एका जागी धरून क्लच सोडला, तर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते तितकीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. १४०० किलोची गाडी, हळू सोडलेला क्लच, ताशी २० किलोमीटरला दोन्ही बाजू जुळल्या, तर सुमारे २२ किलोज्यूल. हेच पाच हजार फेऱ्यांवरून पाय काढून ताशी ४० ला जुळल्या, तर ८६ किलोज्यूल. वेग दुप्पट, उष्णता चौपट. ८६ किलोज्यूल म्हणजे एक मोठा मग पाणी नळाच्या थंडाव्यापासून उकळेपर्यंत तापवायला लागणारी उष्णता, आणि ती एक-दोन सेकंदांत, फुलक्याएवढ्या प्लेटच्या पातळशा थरात. मित्राला दाखवायला असे ओळीने चार वेळा केले की खिडकी बंद असली तरी वास आत येतो. जळक्या वर्तमानपत्रासारखा, नाकात बसणारा.

पण हा वास ज्यांच्या साध्यासुध्या गाडीला येतो अशीही घरे आहेत, म्हणून एक विषयांतर. आपल्यातल्या पुष्कळांनी गाडी शिकली ती ठाण्याच्या नाहीतर पुण्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, मारुती ८०० वर किंवा त्याआधीच्या प्रीमियर पद्मिनीवर. तिथे गुरुजींचा एक मंत्र: हाफ क्लच. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लच, चढावर हाफ क्लच, समोर म्हैस आली तरी हाफ क्लच. एक्स्प्रेस वे पूर्ण होण्याआधी, म्हणजे २००२ पूर्वी, जुन्या बोरघाटात ट्रकच्या रांगेमागे तासभर हाफ क्लचवर लटकत काढलेली सुटी कोणाला आठवत नाही? ती सवय आपण सामानाबरोबर इकडे आणली. कॅव्हरशॅमच्या सेंट पीटर्स हिलवर किंवा टाइलहर्स्टकडे चढताना हँडब्रेक न ओढता गाडी क्लचवर तोलून धरणारे आजही आपल्यात आहेत, आणि त्यात त्यांना कौशल्य वाटते. हिशेब असा आहे. दहास एक अशा चढावर १४०० किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये बाराशे फेऱ्यांवर क्लचने तोलून धरली, तर क्लचमध्ये सव्वातीन-साडेतीन किलोवॉट उष्णता तयार होत राहते. आपल्या स्वयंपाकघरातली विजेची किटली साधारण ३ किलोवॉटची. सिग्नल हिरवा होईपर्यंत किटली चालू. हँडब्रेक ओढायला काही पैसे पडत नाहीत.

विषयांतर संपले. पुन्हा ताकदीच्या गाड्यांकडे.

क्लच किती जळेल हे इंजिनाइतकेच टायरांवरही अवलंबून असते, आणि हे तरुण मंडळींनाही पुष्कळदा माहीत नसते. पुढच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीला एकदम जोर दिला तर रबर घसरते, धूर निघतो. दिसायला भयंकर, पण क्लचच्या दृष्टीने ते बरे. जादा जोर टायरांतून निघून जातो. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही पळवाट नाही. १९९४ मध्ये इंग्लंडात आलेली सुबारू इम्प्रेझा टर्बो घ्या. १९९५ साली कॉलिन मॅक्रे इम्प्रेझातून जागतिक रॅलीचा विजेता झाला आणि त्यानंतर निळ्या रंगाच्या, सोनेरी चाकांच्या इम्प्रेझा प्रत्येक गावात दिसू लागल्या. चार चाके रस्त्याला घट्ट धरून बसतात, इंजिन पुढे ढकलते, आणि घसरायला मध्ये उरतो एकटा क्लच. अशा गाडीला जोरात सोडताना जो धक्का अंगाला सुखावतो त्याचे पैसे प्लेट देते.

हेच सँटा पॉडला आणखी वाढते. नॉर्दॅम्प्टनशर आणि बेडफर्डशरच्या सीमेवर पॉडिंग्टन गावाजवळ युद्धकाळातल्या विमानतळावर १९६६ साली सुरू झालेली ही ड्रॅग शर्यतीची पट्टी युरोपातली पहिली कायमची पट्टी. आपली रोजची गाडी घेऊन जायचे, पैसे भरायचे आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ पळवायची, असे दिवस तिथे ठेवलेले असतात. आम्ही त्याच्या विरुद्ध नाही, उलट बाजूनेच आहोत. ज्याला पळवायचीच आहे त्याने ए-३३ वर रात्री अकराला पळवण्यापेक्षा तिथे अॅम्ब्युलन्स उभी असताना पळवावी. (महाराष्ट्रातही २०१० नंतरच्या दशकात लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने अशा शर्यती झाल्या, आणि पुण्या-मुंबईची पोरे आपापल्या गाड्या घेऊन गेली.) पण हे जाणून जावे की सुरुवातीच्या रेषेवर रस्ता मुद्दाम चिकट केलेला असतो. बूट उचलताना चर्र आवाज येतो. जो टायर रीडिंगच्या ओल्या डांबरावर घसरून क्लचला वाचवत होता तो तिथे घसरत नाही. शुक्रवारी नवा क्लच बसवायचा आणि रविवारी सँटा पॉड गाठायचे, हा तर पैशाला काडी लावण्याचा प्रकार. नव्या प्लेटचा पृष्ठभाग फ्लायव्हीलशी जुळायला साधारण पाचशे मैल गावातले सौम्य ड्रायव्हिंग लागते. एम-४ वरचे मैल त्यात मोजू नयेत. तिथे क्लचवर पाय पडतच नाही.

तर क्लच घसरतो की नाही हे घरच्या घरी कसे पाहायचे? मोकळा, सरळ रस्ता, शक्यतो थोडा चढ. गाडी चांगली तापलेली. चौथा किंवा पाचवा गिअर, फेरे पंधराशे-अठराशे, आणि पाय पूर्ण दाबायचा. फेऱ्यांचा काटा आणि वेगाचा काटा जोडीने चढले तर ठीक. फेरे पुढे पळाले आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतो आहे. एकदा पाहिले की पुरे. खात्री करायला पाच वेळा करू नये, त्यात उरलासुरलाही जातो. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून पाहण्याची जुनी पद्धत आम्ही सुचवत नाही. इथे आजाराचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. घसरणे हा एक. दुसरा याच्या उलटा, क्लच न सुटणे: पेडल जमिनीला टेकते, गिअर पडत नाही, रिव्हर्सला खरखर होते. त्यात दोष बहुधा आतल्या हायड्रॉलिक सिलिंडरचा किंवा बेअरिंगचा असतो, ताकदीचा नव्हे. आणि घसरणाऱ्या प्रत्येक क्लचमागे मॅपच असतो असेही नाही. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून तेल गळून प्लेटवर आले तरी हेच दिसते. मुलावर रागावण्याआधी एवढे तपासून घ्यावे.

समजा घसरतोच आहे, आणि चिरंजीव म्हणतात, "बाबा, अपरेटेड क्लच टाकू या." वर सांगितलेले गणित पुन्हा काढा. वाढवायला जागा चारच ठिकाणी आहे, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी किंमत वसूल करायला बसलेले आहे.

दाब वाढवला, म्हणजे जोरदार स्प्रिंगची प्रेशर प्लेट टाकली, तर पेडल जड होते. पाच वाजता रीडिंग ब्रिजपासून आयडीआरच्या चौकापर्यंत चाळीस वेळा ते दाबून पाहावे. पंचविशीच्या गुडघ्याला काही वाटत नाही, पण हीच गाडी शनिवारी भाजी आणायला आई नेते. शिवाय तो दाब दर वेळी क्रँकशाफ्टला लांबीच्या दिशेने ढकलतो, आणि तिथले थ्रस्ट बेअरिंग खाते. ते बदलायचे तर इंजिन उघडावे लागते.

घर्षण वाढवले, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूच्या आणि सिरॅमिकच्या टिकल्या लावलेली प्लेट बसवली, तर ती उष्णतेला भीक घालत नाही. पण तिला अर्धेमुर्धे काही कळत नाही. एक तर सुटलेली, नाहीतर धरलेली. पार्किंगमध्ये गाडी लावताना ती बेडकासारखी उड्या मारते. शर्यतीत ही उत्तम. ऑक्सफर्ड रोडवर रांगेत तिच्यासारखा छळ नाही.

त्रिज्या वाढवायला आत जागाच नसते, तो मार्ग सोडून द्या.

राहिली प्लेटांची संख्या. एकाऐवजी दोन प्लेटा लावल्या की घासणाऱ्या बाजू दोनाच्या चार होतात आणि त्याच दाबात क्षमता दुप्पट. तत्त्वतः सगळ्यात शहाणा मार्ग हाच, आणि अर्थातच सगळ्यात महागही. आपल्यापासून फार लांब नसलेल्या ग्रोव्हच्या विल्यम्स कारखान्यातून निघणाऱ्या फॉर्म्युला वनच्या गाडीतही तत्त्व तेच: कार्बनच्या अनेक प्लेटा, एकावर एक, आणि सगळा क्लच तळहातात मावेल एवढा. फक्त त्या गाडीला शनिवारी भाजी आणायला जावे लागत नाही.

यात फ्लायव्हीलचे एक वेगळेच प्रकरण आहे. १९८५ साली लूक या जर्मन कंपनीने दोन भागांचे फ्लायव्हील मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. दोन जड चकत्या, मध्ये स्प्रिंगा. इंजिनाचे हिसके त्या स्प्रिंगा गिळतात, म्हणून आजचे डिझेल इतके गुळगुळीत चालते. वाढवलेला टॉर्क या स्प्रिंगांनाही झेपत नाही. इंजिन बंद करताना खडखड ऐकू आली की समजावे, क्लचबरोबर हेही गेले, आणि मग बिल सहज चार आकडी होते. ते वाचवायला काही जण एकसंध फ्लायव्हील बसवतात. स्वस्त पडते, पण जे हिसके स्प्रिंगा गिळत होत्या ते आता गिअरबॉक्सच्या दातांना मिळतात.

इथे खरी गोम आहे. क्लच हा साखळीतला मुद्दाम कमजोर ठेवलेला दुवा आहे. तो पक्का केला की कमजोरपणा नाहीसा होत नाही, पुढच्या घरी राहायला जातो. जुन्या इम्प्रेझाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स सुबारूवाल्यांत 'काचेचा' म्हणून बदनाम आहे. क्लच पकडून ठेवायला लागला की दात तिथे तुटतात. अमेरिकेतले ड्रॅग शर्यतीतले मोठे नाव डॉन गार्लिट्स. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात सुरुवातीच्या रेषेवरच त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. त्या गाडीत इंजिन पुढे आणि चालवणारा मागे, पाय थेट यंत्राशी. त्यानंतर त्यांनी इंजिन पाठीमागे असलेली गाडी बनवली आणि सगळ्या खेळाची रचनाच बदलली. आपल्या गल्लीतल्या गोल्फमध्ये एवढे काही होत नाही. पण चालत्या गाडीत उंच वेगाला पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला, तर क्लच दाबलेला असतानाही मधली प्लेट गिअरबॉक्सच्या बाजूने इंजिनाच्या मर्यादेपलीकडे गरगर फिरते, आणि तिचे अस्तर फाटून आतल्या आत तुकडे होतात. त्याला एकही हॉर्सपॉवर जादा लागत नाही, घाई पुरते.

ऑटोमॅटिकवाल्यांनी हसू नये. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या डीएसजीमध्ये क्लच आहेत, तेही दोन. पाय आपला नसतो एवढेच. कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर, तेलात बुडालेल्या सहा गिअरच्या डीएसजीची ३५०. मॅप करणारा या आकड्यांविषयी बोलला नाही तर आपण विचारावे. विजेच्या गाड्यांना मात्र क्लचच नाही, त्यांच्या घरी या सदराला रजा.

आता पैशाचे आणि कागदाचे, कारण खरा घोर तिथे आहे.

गाडीत केलेला प्रत्येक बदल इन्शुरन्स कंपनीला सांगावा लागतो. मॅप सांगायचा, जोरदार क्लचही सांगायचा. न सांगता अपघात झाला तर कंपनी क्लेम नाकारू शकते, पॉलिसी रद्द करू शकते, आणि समोरच्याला दिलेली भरपाई आपल्याकडून वसूल करू शकते. आपल्या काही घरांत आणखी एक सोय केलेली असते: हप्ता कमी पडावा म्हणून गाडी वडिलांच्या नावावर, मुख्य चालक वडील, आणि प्रत्यक्षात चालवणार मुलगा किंवा मुलगी. याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि ही फसवणूक धरली जाते. त्यावर न सांगितलेला मॅप म्हणजे दुहेरी. विम्याशिवाय गाडी चालवताना सापडले तर सहा ते आठ पॉइंट, आणि लायसन्स मिळून दोन वर्षे झाली नसतील तर सहा पॉइंटांवर लायसन्स रद्द. पुन्हा 'एल'ची पाटी आणि पुन्हा परीक्षा. हा नियम १९९७ पासून आहे. ज्याला नोकरीसाठी रोज गाडी लागते त्याचे यात काय होईल याचा विचार मुलांशी बसून करावा. आवाज न चढवता. कारण आवाज चढला की पुढचा मॅप आणखी गुपचूप होतो.

नुकतेच भारतातून आलेले कुटुंब सेकंड-हँड गाडी घेते तेव्हा तर जास्तच जपावे. आधीच्या मालकाने दोन वर्षे मॅप वापरलेला असतो, विकताना प्रोग्रॅम पूर्ववत करून देतो, आणि कागद सगळे स्वच्छ असतात. क्लच मात्र पूर्ववत करता येत नाही. नवी एमओटी दाखवून "गाडी पास आहे" असे सांगतात, पण एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था तपासतच नाहीत. तेव्हा ट्रायलला गाडी सपाट रस्त्यावरून फिरवून आणू नका. चढावर न्या, वरच्या गिअरमध्ये पाय दाबा, आणि दोन काटे पाहा.

आणि गॅरेजला क्लच बदलायला द्याल तेव्हा जुनी प्लेट परत मागा. ती फार बोलते. सगळीकडे सारखी झिजून रिव्हेटांपर्यंत आली असेल तर गाडीने आपले आयुष्य सरळ काढले, तक्रारीला जागा नाही. अस्तर अजून जाड पण काळे, काचेसारखे चकचकीत, आणि फ्लायव्हीलवर निळे डाग, तर ती झिजली नाही, भाजली. वर सांगितलेल्या किटल्या नाहीतर मॅप. मधल्या स्प्रिंगा निखळलेल्या असतील तर कोणीतरी पाय एकदम सोडत होते. तेलकट असेल तर सील बदलल्याशिवाय नवी प्लेट बसवू देऊ नका, पैसे फुकट जातील. जुन्या गाडीची असेल तर ती पूड फुंकू नये किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती नोव्हेंबर १९९९ मध्ये, आणि त्याआधीच्या अस्तरांत ते असू शकते. प्लेट हवी असल्याचे गाडी देतानाच सांगून ठेवावे. संध्याकाळी चावी घ्यायला गेल्यावर विचारले, तर ती भंगाराच्या पिंपात गेलेली असते.